गृहसंगीत : लहान अँप्लिफायर आणि जवारीदार स्वर

ज्या घरांत गाणेंबजावणें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे, त्या घरांतसुद्धां एखादे दिवशीं असें वाद्य येऊन उभें राहतें कीं, त्याला कोणत्या कोनाड्यांत बसवावें हें वडील माणसांना उमगत नाहीं. हार्मोनियमचें असेंच झालें. जी पेटी आज भजनापासून मैफलीपर्यंत सर्वत्र संचार करते, तिला ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं आपलें दार बंद केलें, आणि तें पुन्हा किलकिलें होण्यास तीस वर्षांवर काळ जावा लागला. तेव्हां नव्या वाद्याविषयीं पहिल्याच ऐकण्यांत निकाल देऊन मोकळें होणें बरें नव्हे, हें आम्हांला ठाऊक असावयास हवें होतें. ठाऊक होतेंही, पण वेळ आली तेव्हां आठवलें नाहीं. त्या विसराची ही हकीकत आहे, आणि तींतून जें थोडेंबहुत ज्ञान पदरांत पडलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या पुतण्यानें गेल्या वर्षीं विद्युत-गिटार घेतली. तिच्याबरोबर दहा वॅटचा एक लहान अँप्लिफायर आला. हा जिन्नस म्हणजे हातांत उचलून नेतां येईल अशी एक काळी पेटी. तिच्या पोटांत साडेसहा इंचांचा कर्णा, आणि माथ्यावर पांच-सहा बटणें. सरावापुरता म्हणून तो विकतात, व सरावापुरता तो चांगला असतो. परंतु मुलाला हवा होता तो स्वर साधा नव्हता. इंग्रजींत ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात तो, जाड, लांबत जाणारा, किंचित् घोगरा स्वर त्याला हवा होता. आणि पेटींतून निघत होता तो पत्र्याच्या डब्यांत गांधीलमाशा कोंडाव्या तसा. एके रविवारीं चारचौघांच्या देखत आम्ही म्हणालों, “अरे, हें वाजविणें आहे, कीं गिरणीचा पट्टा सुटला आहे?” पाहुणे हंसले. मुलगा कांहींच बोलला नाहीं. गिटार खोळींत गेली, आणि पुढें तीन आठवडे ती खोळ उघडली नाहीं.

मग एके दिवशीं वहिनींनीं हळूच सांगितलें कीं, हा अँप्लिफायर विकून पन्नास वॅटचा मोठा घ्यावा असें मुलाच्या मनानें घेतलें आहे. त्यासाठीं त्यानें आपल्या बक्षिसाचे पैसे बाजूला ठेवले आहेत आणि उरलेल्यांसाठीं तो आईच्या गांठीकडे पाहत आहे. वहिनींची अडचण केवळ पैशाची नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या पत्नीवर मोठी शस्त्रक्रिया झाली असून त्या घरींच पडून असतात. गुरुजी एकदां वर येऊन गेले होते. “मुलाला बंद कर असें मी म्हणत नाहीं, दुपारीं तिचा डोळा लागतो, तेवढें सांभाळा,” इतकेंच ते बोलले. आतां त्यांच्या डोक्यावर पांचपट मोठी पेटी आणावयाची, कीं मुलाचें वाद्य कायमचें खोळींत राहूं द्यावयाचें, असा तो पेंच होता. दोष पेटीच्या लहानपणाचाच आहे काय, हें पाहिल्यावांचून निवाडा करणें योग्य नव्हतें.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. स्वच्छ, निर्मळ स्वराच्या संस्कारांत वाढलेल्या कानाला मुद्दाम बिघडविलेला स्वर ही कल्पनाच चमत्कारिक वाटते. पण आमच्याच देवघराशेजारीं मिरजेचा एक तंबोरा उभा आहे, आणि त्याची जवारी लावतांना आम्ही स्वतः काय करतों? घोडीच्या रुंद, किंचित् उतरत्या माथ्यावर तारेखालीं सुताचा धागा सरकवतों, आणि तार त्या माथ्याला अगदीं हलकेच शिवत शिवत कंप पावूं लागली म्हणजे समाधान मानतों. धागा नसेल तर तार निमूटपणें वाजते. धागा जागेवर बसला कीं तीच तार झणकारूं लागते, आणि खर्जाच्या तारेंतून गंधार आपोआप डोकावतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यांत या घोडीचाच विचार आहे. तार जेथें छेडली त्या बिंदूपाशीं ज्या उपस्वराचें शून्यस्थान असेल तो उपस्वर निघूं नये, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. पण तंबोरा व वीणा यांच्या बाबतींत तसे उपस्वरही ठसठशीत ऐकूं येतात, असें त्यांनीं दाखविलें. म्हणजे स्वराला थोडा अडथळा करून त्याची श्रीमंती वाढविणें ही युक्ति आपल्या पूर्वजांना अवगत होती. पाश्चात्त्यांच्या या नव्या स्वराची क्रिया निराळी, परंतु फळ त्याच जातीचें आहे.

ती क्रिया अशी. गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक असतात व त्यांभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. तार कंप पावली कीं त्या वेढ्यांत विजेचा अतिक्षीण प्रवाह उत्पन्न होतो. अँप्लिफायर तो वाढवितो. परंतु प्रत्येक यंत्राला आपली एक मर्यादा असते. त्या मर्यादेबाहेर लाट उंच जाऊं लागली कीं तिचा माथा कापला जातो. गोल टेकडीचें जणुं पठार होतें. असा माथा कापलेल्या लाटेंत मूळ स्वराखेरीज अनेक उपस्वर नव्यानें उत्पन्न होतात. वरचा व खालचा माथा सारखाच कापला गेला तर तिप्पट, पांचपट, सातपट अशा विषम कंपसंख्येचे स्वर त्यांत येतात. तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकांतला पंचम, पांचपट म्हणजे त्याच्याहि वरच्या सप्तकांतला गंधार. मूळ षड्जांत पंचम आणि गंधार मिसळले, म्हणजे तो भरदार वाटणारच. शिवाय लाटेचा माथा कापला गेल्यामुळें जोरानें छेडलेला आणि हळू विरत जाणारा स्वर कांहीं वेळ एकाच उंचीवर राहतो. म्हणून गिटारीचा क्षणभंगुर स्वर सारंगीच्या स्वरासारखा लांबूं लागतो. जुन्या काचेच्या व्हॉल्व्हांत हा माथा हळूहळू वांकत कापला जातो, तर साध्या ट्रान्झिस्टरांत सुरीनें चिरल्यासारखा एकदम. एक गोड व दुसरा कर्कश वाटण्याचें एक कारण हेंच.

या स्वराचा इतिहासहि मनोरंजक आहे, आणि आमच्या प्रश्नाला तो अगदीं लागूं पडतो. १९५१ सालीं अमेरिकेंतील मेम्फिस शहरीं ‘रॉकेट ८८’ नांवाचें गाणें मुद्रित झालें. त्यांत गिटार वाजविणारा विली किझार्ट याचा अँप्लिफायर प्रवासांत बिघडला होता. फाटक्या कर्ण्यांत कागद कोंबून वेळ मारून नेली, आणि तो घोगरा स्वर लोकांना आवडला. १९५८ सालीं लिंक रे यानें ‘रंबल’ या वादनासाठीं आपल्या कर्ण्याला पेन्सिलीनें भोकें पाडलीं. १९६४ सालीं इंग्लंडांतील किंक्स या मंडळींपैकीं डेव्ह डेव्हिस या तरुणानें आपल्या लहानशा अँप्लिफायरचा कर्णा दाढीच्या पात्यानें चिरला, व त्या स्वरावर ‘यू रिअली गॉट मी’ हें गाणें उभें राहिलें. इकडे अमेरिकेंत १९६२ सालीं मॅस्ट्रो फझ-टोन नांवाची पायानें दाबावयाची पेटी बाजारांत आली होती. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या मंडळींच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यांत ती वाजली, तेव्हांपासून तिला गिऱ्हाईक मिळालें. आणि १९७० सालीं एरिक क्लॅप्टन व डुएन ऑलमन यांनीं मायामी येथें ‘लैला’ या नांवानें जी ध्वनिमुद्रिका केली, तींतील पुष्कळसें वादन फेंडर कंपनीच्या ‘चँप’ या पांच-सहा वॅटच्या चिमुकल्या अँप्लिफायरवर झालें. ज्याचा स्वर मोठमोठ्या मैदानांत गाजला, तो मुळांत आमच्या पुतण्याच्या पेटीहूनहि दुबळ्या पेटींतून निघाला होता! ही गोष्ट आम्हीं त्याला सांगितली, तेव्हां तीन आठवड्यांनीं त्यानें प्रथमच आमच्याकडे नीट पाहिलें.

मग लहान पेटी वाईट कां वाजते? याचीं तीन कारणें आहेत, आणि तीं वेगवेगळीं ओळखलीं पाहिजेत.

पहिलें कारण कर्ण्याचें. गिटारीच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदास सुमारें ८२ कंपांचा असतो. साडेसहा इंचांच्या कर्ण्याला तो पेलवत नाहीं, तो फडफडतो. याउलट मोठ्या पेटींतील बारा इंचांचा कर्णा खालचे स्वर तर देतोच, पण सुमारें ५,००० कंपांच्या वर तो झपाट्यानें मंद होत जातो. हा त्याचा उणेपणा नसून उपकार आहे. कारण माथा कापल्यामुळें उत्पन्न झालेले अतिशय तार, कानांत टोंचणारे उपस्वर तो गाळून टाकतो.

दुसरें कारण आपल्या कानाचें. फ्लेचर व मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं, आवाज हळू केला म्हणजे मनुष्याच्या कानाला खर्जाचे स्वर मधल्या स्वरांपेक्षां फारच कमी ऐकूं येतात. म्हणून मोठ्यानें वाजलेली ध्वनिमुद्रिका ऐकून तोच भारदस्तपणा हळू आवाजांत शोधूं गेलें तर तो सांपडत नाहीं. मुलगा मग खर्जाचें बटण पूर्ण फिरवितो, आणि बिचारा कर्णा अधिकच फडफडतो.

तिसरें कारण हाताचें. ‘गेन’ या बटणानें लाट किती कापावयाची हें ठरतें, आणि ‘व्हॉल्यूम’ या बटणानें कापलेली लाट किती मोठ्यानें ऐकवावयाची हें ठरतें. नवशिक्याला वाटतें, गेन जितका अधिक तितका स्वर भारी. वस्तुस्थिति उलट आहे. गेन फार झाला कीं सर्व छेडी एकाच उंचीच्या होतात, बोटाचा जोर-नाजुकपणा नाहींसा होतो, आणि स्वर पुढें येण्याऐवजीं मागें जातो. स्वयंपाकांत हिंग जसा, तसा गेन. चिमूट वाढली कीं हिंगाखेरीज दुसरी चवच उरत नाहीं.

आतां पन्नास वॅटचा हिशेब पाहूं. वॅट दहापट केले म्हणजे आवाज कानाला सुमारें दुप्पट वाटतो, असा नियम आहे. म्हणजे पांचपट वॅटची पेटी आणून आवाज दुप्पटसुद्धां होत नाहीं. आणि ज्या घरांत आहे तो आवाजच हळू ठेवावयाचा, तेथें उरलेले वॅट नुसते कपाटांतल्या चांदीच्या ताटांप्रमाणें पडून राहणार. मोठ्या पेटीचा खरा लाभ तिच्या मोठ्या कर्ण्याचा व लांकडी खोक्याचा आहे, वॅटचा नव्हे. हें पटल्यावर मुलानें पेटी विकण्याचा बेत आठ दिवस लांबणीवर टाकला, आणि एका रविवारची सबंध दुपार आम्ही दोघे त्या पेटीपुढें बसलों. दुपार म्हणजे चारनंतरची. गुरुजींचा शब्द आम्हीं पाळला.

आरंभीं आम्हीं सर्व बटणें मध्यावर आणलीं, म्हणजे घड्याळाचा कांटा बारावर असतो तशीं. मग गेन शून्यावर नेऊन हळूहळू वाढवीत गेलों, आणि एकटी तार जोरानें छेडली असतां स्वर खरखरूं लागतो पण हळू छेडली असतां स्वच्छ राहतो, त्या ठिकाणीं थांबलों. तेथून किंचित् पुढें, इतकाच गेन पुरतो. मुलानें तो पूर्वी टोंकाला नेऊन ठेवलेला होता. नंतर खर्जाचें बटण कमी केलें, तों कर्ण्याची फडफड थांबली. आश्चर्य असें कीं, फडफड थांबतांच स्वर बारीक न वाटतां उलट घट्ट वाटूं लागला. त्यानंतर ‘मिडल’, म्हणजे मधल्या स्वरांचें बटण, थोडें वाढविलें. पुष्कळ मुलें हें बटण शून्यावर नेतात, कारण एकट्यानें ऐकतांना तसा स्वर प्रथम भव्य वाटतो. परंतु लहान कर्ण्याचें सर्व बळ मधल्या स्वरांतच असतें, आणि तेंच काढून घेतलें तर बाकी उरते ती नुसती फुसफुस. शेवटीं ‘ट्रेबल’ थोडें उतरविलें.

यानंतर गिटारीकडे वळलों. तिच्या अंगावर जीं बटणें असतात तीं बहुतेक मुलें कायम पूर्ण उघडून ठेवतात. त्यांतील ‘टोन’चें बटण दहावरून सात-साहावर आणलें असतां गांधीलमाशांचा जो आवाज होता तो पुष्कळसा नाहींसा झाला, बारा इंचांचा कर्णा जें गाळण्याचें काम करतो, तें थोडेंसें या बटणानें करून घेतां येतें. ‘व्हॉल्यूम’चें बटण सातावर आणलें म्हणजे स्वर जवळजवळ स्वच्छ होतो, आणि पुन्हा दहावर नेलें म्हणजे जवारी परत येते, म्हणजे पेटीला हात न लावतां दोन स्वर मिळाले. तसेंच, घोडीजवळचा चुंबक तीक्ष्ण स्वर देतो व मानेजवळचा गोल. एकेरी वेढ्याच्या चुंबकाला आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेची घूं घूं चिकटते, आणि गेन वाढविला कीं तीहि वाढते. गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यानें १९५५ च्या सुमारास दोन वेढे परस्परविरुद्ध जोडून ती घूं घूं मारण्याची युक्ति काढली. त्या दुहेरी चुंबकाला हंबकर म्हणतात. ज्याच्या गिटारींत तो नाहीं त्यानें बसल्या जागीं थोडें इकडेतिकडे वळून पाहावें. एका विशिष्ट दिशेला घूं घूं बरीच कमी होते.

पेटी कोठें ठेवावी हाहि क्षुल्लक प्रश्न नाहीं. तार स्वर कर्ण्यांतून सरळ रेषेंत जातात. पेटी जमिनीवर ठेवून आपण उभ्यानें वाजविलें, तर ते आपल्या पोटऱ्यांना ऐकूं येतात आणि कानाला येतो तो नुसता घुमारा. मग मुलगा ट्रेबल वाढवितो, आणि समोर बसलेल्या आजीचे कान किटतात. म्हणून पेटी स्टुलावर, बसलेल्या मनुष्याच्या कानाच्या उंचीला आणली. भिंतीपासून वीतभर अंतरावर तिची पाठ ठेवली, तेव्हां भिंतीच्या आधारानें खर्ज फुकटांत वाढला.

येथें गुरुजींची परवानगी घेऊन आम्ही खालीं त्यांच्या बैठकींत जाऊन बसलों, आणि वर मुलाला वाजवावयास सांगितलें. स्वर असा फारसा ऐकूं येत नव्हता. परंतु छताकडून एक बोथट ठोका येत होता, आणि आजारी माणसाला छळणारा तोच. तो हवेंतून नव्हे, तर स्टुलाच्या पायांवाटे फरशींतून उतरत होता. वर येऊन स्टुलाखालीं जुनी गोधडी चौपदरी घातली, व मुलाचा ताल धरणारा पायहि त्याच गोधडीवर ठेवविला. दुसऱ्या खेपेस खालीं गेलों तेव्हां गुरुजींनीं विचारलें, “वाजवीत आहे ना?” या एका गोधडीनें जें काम केलें तें शंभर विनवण्यांनीं झालें नसतें.

रागदारी ऐकणाऱ्या वाचकांना रुचेल अशी एक गोष्ट आतां सांगतों. मुलाची तक्रार होती कीं, साधे सुटे स्वर बरे येतात, पण तीन-चार तारांचा मेळ एकदम वाजविला कीं चिखल होतो. याचें कारण पेटींत नसून स्वरांच्या गणितांत आहे. गिटारीचे पडदे बारा समान भागांचे असतात. सेकंदास ११० कंपांचा षड्ज धरला, तर त्या पडद्यांवरचा पंचम १६४.८ कंपांचा येतो. शुद्ध पंचम १६५ चा. अंतर नांवाला. गंधार मात्र १३८.६ चा येतो, आणि तंबोऱ्यांत आपोआप ऐकूं येणारा गंधार त्या सप्तकांत उतरविला तर १३७.५ चा. आतां षड्जाचा पांचवा उपस्वर ५५० कंपांचा, आणि या चढ्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारें ५५४.४ चा, हे दोन एकमेकांवर आपटून सेकंदाला चारांहून अधिक वेळां हेलकावे देतात. स्वच्छ वादनांत हे उपस्वर इतके क्षीण असतात कीं कान क्षमा करतो. जवारी वाढविली कीं तेच बलिष्ठ होतात, शिवाय दोन स्वरांच्या बेरीज-वजाबाकीचे आणखी नवे स्वर यंत्र स्वतःच उत्पन्न करतें, आणि मग क्षमेला जागा उरत नाहीं. षड्ज-पंचमाची जोडी मात्र निर्दोष राहते. तिच्या वजाबाकींतून ५५ कंपांच्या जवळचा, म्हणजे षड्जाचाच खालच्या सप्तकांतला स्वर निघतो, व त्यामुळें ती जोडी होती त्याहून खोल वाटते. या संगीतांतील वादक ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो दुसरा-तिसरा कांहीं नसून आपला सा-प आहे. तंबोऱ्याच्या तारा पंचम व षड्ज यांतच कां मिळवितात, याचें उत्तर मेम्फिसच्या आणि लंडनच्या पोरांनीं आपल्या कानानें पुन्हा एकदां शोधून काढलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

यावरून दोन नियम निघतात. गेन जितका अधिक तितके मेळांतले स्वर कमी असावे. आणि तारा तंबोऱ्याइतक्याच कसोशीनें मिळविलेल्या असाव्या. न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताच्या बोटांनीं व उजव्या तळव्याच्या कडेनें दाबून गप्प ठेवाव्या. कारण मोठ्या गेनवर न छेडलेली तारसुद्धां बोलूं लागते.

इतकें करूनहि समाधान झालें नाहीं, तर पैसे कोठें खर्चावे? आमच्या मतें मोठ्या पेटीपूर्वी पायानें दाबावयाच्या ओव्हरड्राइव्ह पेडलचा विचार करावा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानांत निघालेलें आयबानेझचें ट्यूब स्क्रीमर हें या वर्गाचें प्रसिद्ध उदाहरण आहे. माथा कापण्यापूर्वी तें खर्ज कमी करतें व मधले स्वर पुढें आणतें. म्हणजे आम्हीं बटणांनीं जें दुपारभर केलें तेंच तें अधिक नेमकेपणानें करतें. स्वस्त ट्रान्झिस्टर पेटींतील अंगचें डिस्टॉर्शन कर्कश असेल, तर पेटी स्वच्छ ठेवून कापण्याचें काम अशा पेडलकडे सोंपवावें. निरनिराळ्या जुन्या अँप्लिफायरांचा व कर्ण्यांचा स्वर गणितानें उतरविणाऱ्या लहान पेट्याहि आतां मिळतात. हळू आवाजाच्या घरांत त्यांचा उपयोग मोठा आहे, आणि रात्रीं त्यांना कानावरचे हेडफोन जोडतां येतात. मात्र हेडफोन लावल्यावर आवाजाला कोणीच हटकीत नाहीं, म्हणून तेथें आपणच आपले गुरुजी व्हावें.

कांहीं गोष्टी मात्र करूं नयेत. पूर्वीच्या लोकांनीं कर्णे चिरले म्हणून आपण चिरूं नयेत. ज्या कामासाठीं त्यांना पातें लागलें त्यासाठीं आज बटण आहे. पेटी उघडूं नये. व्हॉल्व्हच्या पेटींत वीज काढून टाकल्यावरहि प्राणघातक दाब सांठून राहतो. बाहेरचा मोठा कर्णा जोडावयाचा तर पेटीला त्यासाठीं स्वतंत्र भोंक असलें पाहिजे, आणि पेटीवर लिहिलेल्यापेक्षां कमी ओहमचा कर्णा जोडूं नये. तिसऱ्या, म्हणजे जमिनीच्या पिनेशिवाय पेटी कधींहि लावूं नये. पोलादी तारांवर आपला हात असतो, हें विसरतां कामा नये.

त्या संध्याकाळीं दिवेलागणीला मुलानें षड्ज-पंचमाची एक साधी जोडी छेडली आणि ती विरेपर्यंत हात तसाच धरून ठेवला. खोलींत दोन माणसें बोलत असतां ऐकूं यावें इतकाच तो आवाज होता. त्यांत मैदानांतली गर्जना नव्हती, हें खरें. लहान पेटींतून ती निघणार नाहीं, आणि तसें आश्वासन आम्ही कोणास देत नाहीं. पण स्वर घट्ट होता, लांबत होता, आणि शेवटीं गंधाराची एक पुसट रेघ सोडून गेला. “काका, मोठ्या पेटीसारखा नाहीं हा,” तो म्हणाला, “पण आतां मला माझा हात ऐकूं येतो.”

त्याच्या बक्षिसाचे पैसे अद्याप तसेच आहेत, आणि वहिनींची गांठ सुटलेली नाहीं. पाहुण्यांच्या देखत आम्ही जें बोललों होतों, तें चुकलें असें पाहुण्यांच्याच देखत सांगावयाचें राहिलें होतें. गेल्या रविवारीं तेंहि झालें. तंबोरा लावावयास आम्हांला लहानपणीं कोणीं हिणवलें नव्हतें; जवारी लागेपर्यंत घरची माणसें तो बेसूर झणकार मुकाट्यानें सोसत होतीं. ती सवलत पुढच्या पिढीच्या वाद्याला देणें हें आपल्याकडे लागतें. ज्या घरांत अशी एखादी गिटार खोळींत गेली असेल, त्या घरच्या वडील मंडळींनीं एक दुपार काढावी, गेन कमी करावा, आणि स्टुलाखालीं गोधडी घालून समोर बसावें.